ट्रम्पेट जिन्यात

कीबोर्डवरचा ट्रम्पेट कधी दमत नाही, यावरूनच तो खोटा हे कळतं. पट्टी दाबून ठेवा, तो आपला वाजतोच आहे. खऱ्या ट्रम्पेटवाल्याला श्वास लागतो, ओठ थकले की विश्रांती लागते आणि वसईहून डोंबिवलीला यायचं तर दिवा-वसई गाडी लागते. ती चुकली की पुढची कधी, हे विचारून कोणालाही अडचणीत टाकू नये.

तरी मी खरेच वादक बोलावले. आमच्या हौशी नाटकाच्या दिग्दर्शकाला शीर्षकगीतात ‘अलबेला’ हवा होता, १९५१ सालचा. त्यात पुणतांब्याच्या चितळकरांच्या, म्हणजे सी. रामचंद्रांच्या, चालींमागे गोव्यातल्या हळदोण्याचा चिक चॉकलेट ट्रम्पेट घेऊन उभा होता. दिग्दर्शकाचं बजेट पाहता हे सगळं माझ्या दहा बाय अकराच्या खोलीत बसवायचं होतं.

ट्रम्पेट वसईचा, ट्रॉम्बोन कल्याणचा, ऑल्टो सॅक्सोफोन आमच्याच गल्लीतला, बँकेतून हाफ डे टाकून आलेला. सॅक्सोफोन अंगाने पितळेचा असला तरी त्यात वेताची रीड असते, म्हणून तो क्लॅरिनेटच्या गोत्रातला. हे त्यांनी चपला काढता काढताच सांगून टाकलं.

ट्रॉम्बोनला सात पोझिशन असतात आणि सातवीला पुढची नळी जवळजवळ दोन फूट बाहेर सरकते. आधी ती कपाटावर आपटली. मग कल्याणवाले तिरके बसले, तर ती दारातून पॅसेजमध्ये निघू लागली, आणि तीही नेमकी चहाच्या ट्रेच्या उंचीवर. आईने एकदा ती शिताफीने चुकवली. नंतर मात्र उंबऱ्यापलीकडेच थांबून म्हणाली, “तुमचा तो खालचा सूर झाला की सांगा.”

मी पेटीवर वाढलेला. म्हटलं, “सगळे पांढरी एकवर या.” तिघंही सौजन्याने हसले. माझी पांढरी एक ट्रॉम्बोनवाल्यांच्या कागदावर सीच राहते, ट्रम्पेटवाल्यांच्या कागदावर डी होते आणि ऑल्टोवाल्यांच्या कागदावर ए. ट्रम्पेटने आपला सी वाजवला तर ऐकू येते काळी पाच, ऑल्टोने वाजवला तर काळी दोन. सॉफ्टवेअर कागद आपोआप बदलून देतं. डोकं बदलून देत नाही. “अंतऱ्यातला तो ए जरा चढा लागतोय,” असं मी म्हटलं की तिघंही आपापला वेगळाच सूर दुरुस्त करायला घ्यायचे, आणि जो बिघडलेला असायचा तो तसाच राहायचा.

भिंतींना गाद्या लावल्या, खिडकीला रजई. वसईवाल्यांनी पहिला सूर मारला आणि लॅपटॉपवरचा मीटर लाल होऊन तिथेच बसला. मोजक्या माइकच्या जमान्यात मिक्सिंग पायांनीच व्हायचं. व्हायोलिनवाले माइकजवळ, ट्रम्पेटवाले पार मागे. माझी मागची भिंत चार पावलांवर होती. त्यामुळे वसईवाले आधी पॅसेजमध्ये गेले, मग हॉलमध्ये, आणि शेवटी हेडफोनच्या वायरीला वायर जोडत, दार उघडून जिन्यात.

पंखा बंद, कारण तो माइकला ऐकू येतो. फ्रीजही बंद. तो पुन्हा लावायचं लक्षात राहावं म्हणून गाडीची किल्ली फ्रीजमध्येच ठेवायची, ही घरगुती स्टुडिओवाल्यांची जुनी युक्ती. माझ्याकडे गाडी नाही, म्हणून कल्याणवाल्यांच्या स्कूटरची ठेवली. मे महिना, बंद खोली. सतारीची तार उन्हाने उतरते. ही वाद्यं मात्र आतली हवा तापली की चढतात. ट्रॅकमधली पेटी जागची हलायला तयार नाही. मग दर टेकआधी ट्रम्पेट-ट्रॉम्बोनच्या नळ्या किंचित बाहेर, सॅक्सचं माउथपीस किंचित बाहेर, आणि घाम पुसायला माझाच टॉवेल.

पण जिन्यात तो ट्रम्पेट काय वाजला म्हणून सांगू! चार मजले नुसतं सिमेंट आणि लादी, सूर तळाला जाऊन सावकाश वर येतो. असा घुमारा देणारं प्लगइन घ्यायचं तर पैसे पडतात. अर्थात जिना सगळ्यांचा. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू नवरदेव बघायला बाहेर आल्या. वरच्या पोराने ‘नागीन’ची फर्माईश केली. “वाजवू रे, पण आधी ह्यांचं होऊ दे,” वसईवाले एका कानावरचा हेडफोन सरकवत म्हणाले आणि ट्रम्पेटची खालची कळ दाबून त्यांनी नळीत साचलेलं पाणी लादीवर सोडलं. आईने पायपुसणं आणलं. “थुंकी नाही हो काकू, श्वासाची वाफ आहे बहुतेक सगळी.” त्या ‘बहुतेक’वर आई पुन्हा आत जाऊन फिनाइल घेऊन आली.

सगळ्यात चांगला टेक लागला तेव्हा सोसायटीचे सचिव जिना चढत होते. आवाजाबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत. त्यांनी लादीवरचं नवं पाणी पाहिलं, मग मान वर करून छत पाहिलं, आणि शेवटचा लांब सूर चालू असताना खणखणीत विचारलं, “गळती इथेही सुरू झाली का?”

पुन्हा टेक घेणं शक्य नव्हतं. कल्याणवाल्यांना सात वाजता उल्हासनगरात वरात होती. त्यांनी फ्रीजमधून गार किल्ली काढली, आईने मागोमाग बटण लावलं. सचिवांचा प्रश्न काही केल्या त्या सुरातून निघेना. आता प्रयोगात शीर्षकगीत संपताना तो येतो, प्रेक्षक हसतात आणि दिग्दर्शक ते आपल्या नावावर खपवतो. सचिवांनी मानधनाबद्दल विचारणा केली आहे.