कारण : शिकायचं आहे

रजेच्या अर्जात 'कारण' नावाचा एक रकाना असतो. कामगाराची सगळी प्रतिभा तिथंच खर्ची पडते. 'घरगुती कारण' हा त्यातला सर्वांत जुना आणि भरवशाचा माल. ताप, हळद, बारसं, गावची जत्रा, सासऱ्यांचं दहावं, सगळं चालतं. बेटेगावात आमच्या चाळीत वरच्या खोलीत एक ऑपरेटर राहतो, तारापूर एमआयडीसीत केमिकल प्लांटवर. त्यानं मागे त्या रकान्यात खरं लिहिलं : 'पायथन शिकतोय, दोन दिवस हवेत.'

सुपरवायझरनं विचारलं, "सर्पमित्र झालास का रे?"

चेष्टा वाईट नव्हती. पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेचं नावही सापावरून नाही, एका ब्रिटिश विनोदी कार्यक्रमावरूनच घेतलंय. पण ती जन्मली कशी, हे सुपरवायझरला कुणीतरी सांगायला हवं. 1989 चा डिसेंबर. गिडो व्हॅन रॉसम या डच माणसाचं ऑफिस नाताळात बंद. आठवडाभर करायचं काय, म्हणून गड्यानं घरच्या कॉम्प्युटरवर नवी भाषा लिहायला घेतली. आज तिच्यावर अर्धं जग चालतं. साहेबाची सुट्टी होती, ऑफिसला कुलूप होतं, आणि मुख्य म्हणजे त्याला 'रिलिव्हर आला नाही, डबल मारतोस का?' असा फोन येणार नव्हता.

आमच्या ऑपरेटरला येतो. एक आठवडा फर्स्ट, मग सेकंड, मग नाईट. शरीर एका पाळीला सरावतं न सरावतं तोच पाळी बदलते. साप्ताहिक सुट्टी ही त्यामुळे सुट्टी नसतेच, ती मागच्या सहा दिवसांच्या झोपेची वसुली असते. दुपारी दोनला डोळा उघडला की दळण, सिलिंडर, मुलाच्या शाळेचा प्रोजेक्ट. नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांसाठी झगडून 10 जून 1890 ला रविवारची सुट्टी मिळवली. पण गिरणी रविवारी थांबवता येत होती. रिॲक्टरला कोणता रविवार?

बरं, कायद्यात काही कमी नाही. 1948 च्या कारखाना कायद्यानं वर्षात 240 दिवस भरले की दर 20 दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा दिली. नव्या श्रमसंहितेनं ती अट 180 दिवसांवर आणली. जुन्या कायद्यात एक गंमतही होती. ही रजा हवी तर पंधरा दिवस आधी लेखी अर्ज करायचा. म्हणजे शिकायचा हुरूप आज आला, तर तो दोन आठवडे फडक्यात गुंडाळून ठेवायचा.

हे सगळं हजेरीपटावर नाव असलेल्यांचं. ठेकेदाराच्या माणसाला रजा कागदावर असते, हातात 'खाडा' पडतो. गेला नाही तर त्या दिवसाची हजेरी गेली. त्याच्यासाठी फुकटचा ऑनलाइन कोर्ससुद्धा एका रोजाला पडतो.

उलट सरकारी नोकराचं बघा. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 मध्ये 'अध्ययन रजा' असा अख्खा प्रकार आहे. एका वेळी बारा महिने, सगळ्या नोकरीत मिळून चोवीस. बंधपत्र द्यावं लागतं, फाईल फिरवावी लागते, ते सोडा. शिकणं हे रजेचं कारण असू शकतं, एवढं तरी शासनानं लिहून ठेवलंय. हा शोध मंत्रालयातून निघून चिल्हार फाट्यापर्यंत कधी पोचणार, कोण जाणे. बुलेट ट्रेनला बोईसरचं स्टेशन ठेवलंय म्हणतात. तिनं आला तर बघू.

आमचा ऑपरेटर तरीही थांबला नाही. चाळीची टाकी रोज पहाटे भरून वाहते, जिन्यावर धबधबा होतो. त्यानं ठरवलं, शिकलेलं पायथन वापरून टाकी भरली की मोटर आपोआप बंद करणारं यंत्र बनवायचं. लागतं किती? काहीशे रुपयांचा एक ईएसपी32 बोर्ड, एक रिले, एक फ्लोट. सामान आणायला लॅमिंग्टन रोडला निघाला. त्या महिन्यात सुट्टी नेमकी रविवारी आलेली. बोईसरहून गाड्या बदलत शंभरेक किलोमीटरवरचं ग्रँट रोड गाठलं, आणि समोर शटरच शटर. तिथली बहुतेक दुकानं रविवारी बंद असतात. त्यांचाही हक्कच आहे म्हणा, लोखंड्यांची पुण्याई सगळ्यांना सारखीच.

शेवटी बोर्ड कुरियरनं आला. नाईटला जाताना तो डब्याच्या पिशवीतच राहिला आणि सकाळी सुटताना गेटवर वॉचमनला सापडला. "कंपनीचा माल आहे का?" बिल दाखवा, एचआरला भेटा, लेखी द्या. सहा वर्षं ज्या माणसाच्या हाती अख्खा प्लांट सोपवून साहेब घरी झोपले, त्याच्या हातात स्वतःचा बोर्ड दिसला तेव्हा तो चोर ठरला.

टाकी आता वाहत नाही. मालकानं शाबासकी दिली आणि भाडं होतं तेवढंच ठेवलं, ही बक्षिसीच समजायची. सुपरवायझरनंही परवा हळूच विचारलं, "आमच्या सोसायटीत बसवून देशील का? तुझ्या सुट्टीत ये."

तेव्हा बोईसर-तारापूरच्या तमाम वाचकांना एक विनंती. पुढच्या अर्जात त्या रकान्यात खरं कारण लिहून बघा. मंजूर झाला, तर त्याची झेरॉक्स मला पाठवा. फ्रेमचा खर्च माझा.