पट्टे अनेक, पठ्ठ्या एक

महाविद्यालयीन जीवनातील अभ्यासू, पुढारी आणि नाटकवेडा हे तीन विद्यार्थिप्रकार मराठी वाचकाच्या चांगल्या परिचयाचे असले, तरी पुण्याच्या वसतिगृहांत पावसाळ्याबरोबर उगवणारा आणि दिवाळीच्या आत निदान दोन गुरू बदलणारा जो चौथा प्रकार आहे, त्याची दखल घेणे अगत्याचे आहे. त्यास बहुविद्य योद्धा म्हणता येईल. पहाटे ज्युदो, संध्याकाळी कराटे आणि रविवारी तायक्वांदो असा त्याचा अभ्यासक्रम असतो. ज्या अभ्यासक्रमासाठी घरून पैसे येतात, तो मात्र या वेळापत्रकात सहसा आढळत नाही.

त्याच्या खोलीतील दोरीवर तीन विद्यांचे तीन पट्टे वाळत असतात आणि तिन्ही पांढरे, म्हणजे नवशिक्याचे, असल्याने कोणता कोणत्या विद्येचा हे त्यालाही सांगता येत नाही. याविषयी कोणी छेडलेच, तर जिगोरो कानो यांनी १८८२ साली तोक्योत ज्युदोची शाळा काढली तेव्हा रंगीत पट्टे नव्हतेच, पिवळ्या-हिरव्या पट्ट्यांची ही चढण पुढे युरोपात रूढ झाली, हा इतिहास तो इतक्या तपशिलाने सांगतो की त्याचा पांढरेपणा हे मूळ परंपरेशी राखलेले इमान वाटू लागते. वस्तुस्थिती अशी की, पिवळ्या पट्ट्याच्या परीक्षेची तारीख लागेपर्यंत त्याने क्लास बदललेला असतो.

विद्या अनेक असण्यातील खरी अडचण ही की, एकीचा गुण तो दुसरीचा दोष ठरतो. ऑलिम्पिक पद्धतीच्या तायक्वांदोत, म्हणजे लाथेला प्राधान्य देणाऱ्या कोरियन विद्येत, डोक्यावर ठोसा मारण्यास मनाई असल्यामुळे खेळाडूचे हात खाली राहिले तरी चालून जाते. ही सवय घेऊन तो बॉक्सिंगच्या रिंगणात उतरतो आणि नियमांतील हा फरक त्याला पहिल्या अर्ध्या मिनिटात नाकावाटे समजतो. कराटेत शिकलेला 'काता', म्हणजे काल्पनिक प्रतिस्पर्ध्यांशी ठरावीक क्रमाने करावयाची लढाई, त्याला पुष्कळच मानवते. शोतोकान शाखेच्या पहिल्या कात्यात एकवीस हालचाली आहेत आणि त्यांपैकी एकीतही समोरचा मनुष्य उलट मारत नाही.

तथापि या प्रकाराचा खरा कस लागतो तो पेठेतील तालमीत. तांबड्या मातीत तेल, ताक आणि हळद मुरवून केलेला हौदा, कोपऱ्यात मारुतीची तसबीर आणि जोर-बैठका मोजणारे वस्ताद, अशा त्या वातावरणात तो ज्युदोत सहा आठवडे घोटलेली 'उकेमी', म्हणजे इजा न होता पडण्याची कला, घेऊन येतो. हनुवटी छातीशी, पाठ गोलाकार आणि पडताक्षणी तळहातांचा जमिनीवर सणसणीत फटका, या तिन्ही अंगांनी ते पडणे निर्दोष असते. एवढेच की कुस्तीत पाठ मातीला लागणे यालाच चीतपट म्हणतात. ब्राझिलियन जिउ-जित्सूत पाठीवर पडून प्रतिस्पर्ध्याला पायांत अडकवणे हा सन्माननीय पवित्रा मानला जातो, त्यामुळे तात्त्विकदृष्ट्या आपण अद्याप हरलेलो नाही, असे तो मातीतूनच समजावू लागतो. हे निरूपण वस्ताद शांतपणे ऐकून घेतात आणि "बाळा, आधी हौदा खण," म्हणून कुदळ पुढे करतात. चार दिवसांनी कुदळ तिथेच असते, बहुविद्य मात्र नसतो. (कुदळ धरण्याचा पवित्रा कोणत्याच क्लासात शिकवीत नाहीत, हेही लक्षात घेतले पाहिजे.)

या भटकंतीचे समर्थन त्याच्यापाशी तयार असते आणि त्याचे नाव ब्रूस ली. सिएटलच्या विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकलेल्या लीने कोणत्याही एका शैलीचे बंधन नाकारून 'जीत कुने दो' ही स्वतःची पद्धत मांडली, हे खरेच आहे. परंतु त्यापूर्वी हाँगकाँगमध्ये इप मान यांच्या आखाड्यात त्याने विंग चुन या एकाच शैलीत घाम गाळला होता, हा भाग बहुविद्याच्या कथनातून नेमका गळतो, कारण बंधन नाकारायचे तर आधी ते असावे लागते, ही अट त्याला जाचक वाटते.

असे असले तरी त्याची साधना अगदीच वाया जाते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पावसाळ्यात वसतिगृहाच्या खाणावळीची फरशी ओली असते आणि आमटीचे ताट घेऊन येणारा बहुविद्य तिच्यावर केव्हा ना केव्हा घसरतोच. अशा प्रसंगी त्याची हनुवटी छातीशी जाते, पाठ गोल होते, तळहात फरशीवर दणक्यात आपटतात आणि त्याला खरोखर यत्किंचितही इजा होत नाही. ताट मात्र हवेत सोडावे लागते, आणि आमटी कोणावर सांडावी याचे मार्गदर्शन उकेमीत नाही. त्यानंतर तो उठून फरशीला आदराने वाकतो. तो नमस्कार जपानी पद्धतीचा असतो की कोरियन, याविषयी खाणावळीत अद्याप एकमत नाही.