मानववंशशास्त्र मायनर: ग्वाल्हेरकरांसाठी पहिले धडे

2021 मध्ये मध्य प्रदेशात नवं शैक्षणिक धोरण आलं आणि मेजरच्या जोडीला मायनर विषय घेणं आलं. तुम्ही मानववंशशास्त्रावर टिचकी मारलीत, कारण बाकी विषयांचे तास सकाळी सातला होते. हरकत नाही. मोठमोठी माणसं याहून क्षुल्लक कारणांनी विद्वान झाली आहेत.

1. आधी घर सांभाळा. लष्कर भागातल्या मराठी घरात "म्हणजे हाडं मोजणार का रे?" हा प्रश्न येणारच. चिडू नका. इरावती कर्वे खरोखरच लोकांची डोकी मोजत आणि 'युगान्त'ही त्यांनीच लिहिलं, एवढं आजीला सांगा. बाबांसाठी वेगळा उतारा आहे: "यूपीएससीला ऑप्शनल घेता येतो." तुम्ही परीक्षा देणार नाही, हे त्यांना पदवी हातात येईपर्यंत कळत नाही.

2. आदिवासी गाठा. आपल्याकडे सहरिया आहेत. शिवपुरी, श्योपूरकडे जा. झाडाखाली बसा आणि छापील प्रश्नावलीतला पहिला प्रश्न विचारा: "आपकी मुख्य समस्या क्या है?" समोरचे बाबा सौजन्याने विचारतील, "पिछली वाली मैडम का फारम पास हो गया?" नोंद करा: जमात आतिथ्यशील आहे. हँडपंप बंद दिसला तर 'पाण्याशी निगडित श्रद्धा' या सदरात टाका.

कूनोचा विषय मात्र निघू देऊ नका. सिंह आणायचे म्हणून त्या जंगलातली 24 गावं उठवली, त्यांत बहुतेक सहरियाच. गुजरातेतून सिंह काही आले नाहीत. 2022 मध्ये नामिबियातून चित्ते आले. हे कुणी सांगू लागलं तर हळूच वही मिटा. तुमचा विषय 'विवाहपद्धती' आहे.

3. ऊन सोसत नसेल तर घरीच फील्डवर्क करा. मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्कीने 1922 च्या ग्रंथात ट्रोब्रिअँड बेटांकडचा 'कुला' वर्णिला आहे: शिंपल्यांचे हार एका दिशेने आणि कंकणं उलट दिशेने बेटाबेटांवरून फिरत राहतात, कायमचं कुणीच ठेवून घेत नाही. आता आईचं कपाट उघडा. ब्लाउजपीसांची ती चळत पाहा. वरचा जांभळा संक्रांतीला दौलतगंजातून आला, चैत्रगौरीला शिंद्यांच्या छावणीत जाईल. कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक 'दौ.' लिहिलंय, म्हणजे चुकून त्याच घरच्या ओटीत परत पडायला नको. त्याचा ब्लाउज शिवायचा विचारही कुणाच्या मनाला शिवलेला नाही. आईला यातलं काही समजावू नका. कपाटाला कुलूप लागेल आणि प्रबंध अर्धवट राहील.

4. दिशा सांभाळा. उद्या एखादी सहरिया मुलगी वही घेऊन तुमच्या स्वयंपाकघरात आली आणि "आपके यहाँ ऐसा क्यों करते हैं?" विचारू लागली, तर चहा पाजा आणि वाटेला लावा. सगळेच प्रश्न विचारू लागले तर उत्तरं द्यायला कोण उरणार?

5. तोंडी परीक्षा. बाहेरून आलेले परीक्षक हमखास विचारतात, "गावात किती राहिलात?" डगमगू नका, मालिनोव्स्कीचं नाव घ्या. तो पहिल्या महायुद्धाच्या काळात बेटांवर सुमारे दोन वर्षं राहिला, हे खरं. पण त्याला ग्वाल्हेरची शेवटची बस गाठायची नव्हती.