फोनची उतरंड

मराठी घरात वस्तू मरत नाही, ती खाली उतरते. नऊवारीची गोधडी होते, गोधडीचं पायपुसणं, आणि पायपुसण्याच्या चिंध्या स्कूटर पुसायला डिकीत जातात. हाच कायदा आपण निमूटपणे स्मार्टफोनला लावला. नवा फोन मुलाला, कारण त्याला तो ‘लागतो’. त्याचा जुना आईला. आईचा जुना आजोबांना, पिवळ्या पडलेल्या रबरी कव्हरसकट. आजोबांची तक्रार नसते. फोन लागतो, नातवंडं दिसतात, सुप्रभात येतं-जातं. ‘चालतोय ना? मग बदलायचा कशाला?’ या एका वाक्यावर महाराष्ट्रातल्या कितीतरी सायकली, मिक्सर आणि लग्नं पन्नास-पन्नास वर्षं टिकली आहेत.

पण आजोबांच्या फोनच्या सेटिंग्जमध्ये खोलवर शिरलं, की ‘सिक्युरिटी अपडेट’समोर एक तारीख दिसते. बहुधा कोरोनाच्या आधीची. त्यानंतर कंपनीने त्या फोनकडे वळून पाहिलेलं नाही.

ही तारखांची भानगड सुरू झाली 2015 साली. त्या जुलैत ‘स्टेजफ्राइट’ नावाचं भोक उजेडात आलं. अँड्रॉइडच्या व्हिडिओ हाताळणाऱ्या भागात ते होतं, आणि खुबीने रचलेला एक एमएमएस नुसता येऊन पडला तरी काम होऊ शकत होतं. तो उघडायचे कष्टही मालकाला नकोत. गूगलने धसका घेतला आणि ऑगस्टपासून दर महिन्याला डागडुजीचं पत्रक काढायला सुरुवात केली. गूगलच्या स्वतःच्या फोनांना ती डागडुजी लगेच मिळते. बाकीच्यांची आधी चिपवाल्याकडे थांबते, मग फोनच्या कंपनीकडे. तिथे प्रत्येक मॉडेलवर चढवलेल्या सजावटीशी तिचं जमतंय का हे तपासलं जातं, आणि सवड झाली तर ती आपल्यापर्यंत पोचते. सरकारी कचेरीत फाइल सोडवायला गेलेल्याला हा मार्ग वेगळा समजावून सांगायला नको. 2018 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी बरेच फोन आतून तपासले, तेव्हा काही ठिकाणी दुरुस्ती न करता नुसती तारीखच पुढे सरकवलेली आढळली. रजिस्टर असं भरण्याची कला फक्त आपल्याकडेच आहे, हा माझा अभिमान त्या दिवशी गळून पडला.

यातली खरी गंमत, म्हणजे गंमत कसली, अशी की हे मासिक पत्रक जाहीर असतं. कुठे भोक होतं ते साऱ्या जगाला कळतं, चोरांनाही. ज्याचा फोन अपडेट होतो त्याचं भोक बुजतं. आजोबांच्या फोनमध्ये ते तसंच राहतं आणि वर त्याचा पत्ताही छापून आलेला असतो. म्हणजे फोन हातातून न पडता, पाण्यात न भिजता, नुसता टेबलावर पडल्या पडल्या दर महिन्याला थोडा कच्चा होत जातो. आता घरातला हिशेब पाहा. मुदत ठेवी, पेन्शन, पोस्टातली बचत ज्याच्या नावावर, त्याच्या हाती सगळ्यांत जुना फोन. आणि ज्याच्या खात्यात दहा तारखेनंतर फारसं काही उरत नाही, त्याच्या हाती अद्ययावत तटबंदी.

अर्थात, आजोबांना गंडवायला बहुतेकदा भोक लागतच नाही. ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणारा एक गोड आवाज पुरतो, आणि त्यावर कुठल्याही अपडेटचा इलाज नाही. शिवाय ‘अपडेट केलं की फोन मंद होतो’ ही आजोबांची शंका अगदीच म्हातारचळ नव्हे. बॅटरी थकलेल्या जुन्या आयफोनांचा वेग आपण सॉफ्टवेअरमधून कमी करतो, हे अ‍ॅपलने 2017 मध्ये कबूल केलं. ग्राहकांना ते नीट सांगितलं नाही म्हणून 2020 मध्ये फ्रान्सने अडीच कोटी युरो दंड ठोकला. मात्र त्याच अ‍ॅपलने 2013 च्या आयफोन 5 एसला 2023 च्या जानेवारीतही सुरक्षेची डागडुजी पाठवली, हेही नोंदवायला हवं.

आता गूगल आणि सॅमसंग महागड्या फोनांना सात वर्षं अपडेट देऊ म्हणतात. पण बहुतेक कंपन्यांची ही वर्षं फोन बाजारात आल्या दिवसापासून मोजली जातात, आपण घेतल्या दिवसापासून नाही. दिवाळीच्या सेलमध्ये जो फोन हौसेने स्वस्तात घेतो, त्याचं निम्मं आयुष्य दुकानाच्या फळीवरच सरलेलं असू शकतं. दुकानदाराला ‘अपडेट किती वर्षं?’ विचारलं, तर तो कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल सांगतो.

उतरंड उलटी करणं हाच माझ्या मते शहाणपणाचा मार्ग. नवा फोन आजोबांना, त्यांचा मुलाला. मुलगा आठवडाभर कुणाशी बोलणार नाही, पण तेवढी शांतता घराला परवडेल. अडचण एकच. मुलाच्या हाती तो जुना फोन पोचायचाच नाही, कारण आजोबांनी तोवर तो सोसायटीच्या वॉचमनला देऊन टाकलेला असेल, चार्जर आणि कव्हरसकट. वॉचमनही खूश. त्याचा पगार आता त्याच फोनवर दिसतो.