भाऊजी, तुम्ही ‘नंतर’ दाबलंत

भाऊजी,

पोळ्याला तुम्ही हिंगणीला आलात, पिशवीतून बोलता स्पीकर काढलात आणि बैठकीत टीव्हीशेजारी लावून दिलात. पाच मिनिटांत झालं, असं सगळ्यांना सांगितलंत. घरात माणसं पाच. माणशी एक मिनिट धरलं तरी हिशेब जुळला असता, पण ती पाचही मिनिटं तुम्ही स्वतःला दिलीत. खातं तुमचं, फोन तुमचा. आणि घरातल्यांचे आवाज आता शिकवायचे का, असं ॲपनं विचारलं तेव्हा तुम्ही ‘नंतर’ दाबलंत. मी चहा घेऊन मागेच उभी होते.

हे पत्र घरच्या ग्रुपवर न टाकता चारचौघांत लिहिते आहे, कारण सणाला शहरातून येऊन गावच्या घरात असा स्पीकर बसवून जाणारे तुम्ही एकटे नाहीत.

तुमच्या ‘नंतर’मुळे या घरात जो कोणी बोलेल तो स्पीकरच्या लेखी तुम्हीच. गेल्या महिन्यात बाबांनी त्याला हिंदीत विचारलं, आज क्या है? त्यांना तिथी हवी होती. स्पीकरनं तुमची साडेअकराची मुलाखत वाचून दाखवली. थोरला मुलगा नोकरी सोडतो आहे हे बापाला मुलाकडून कळायला हवं होतं. बाबा त्या दिवशी जेवताना एक शब्द बोलले नाहीत.

आईंचं त्याहून वाईट झालं. त्यांना रोज सकाळी तुकडोजी महाराजांची भजनं लागतात, ती मी स्पीकरवर लावून देत असे. आठवड्याभरात तुमचा फोन आला: माझ्या गाडीत खंजिरी भजनं कोण घुसवतंय? तुम्ही हसत होतात. फोन स्पीकरवर होता आणि आई शेजारी बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मी लावायला गेले तर म्हणाल्या, “लावू नोको माय ते, त्याच्या गाडीत वाजते.” तेव्हापासून त्यांची सकाळ मुकी आहे. आपल्या घरात, आपल्या खाटेवर बसून ऐकायला म्हातारीला संकोच वाटावा, हे तुमच्या एका बोटाचं काम आहे.

आणि आता जे लिहिते, ते पोरीला विचारून लिहिते. ती दहावीत आहे. एका दुपारी घरात कोणी नसताना तिनं स्पीकरला आपल्या शरीराबद्दल एक प्रश्न विचारला, जो मला विचारतानाही ती अडखळली असती. पुढे शाळेत मैत्रिणीनं सांगितलं की विचारलेल्या प्रश्नांची नोंद ज्याचं खातं आहे त्याच्या फोनमध्ये उघडून पाहता येते. ती घरी येऊन रडली. तुम्ही ती नोंद पाहिली असेल असं मी म्हणत नाही. पण पाहिली असती तर तिला कळलं नसतं, आणि पुसायची तर किल्ली तुमच्याकडे. तेव्हापासून ती बैठकीत बसायच्या आधी स्पीकरची पिन काढायची. पंधरा वर्षांच्या मुलीला स्वतःच्या घरात बोलण्याआधी पिन काढावी लागली, भाऊजी.

मी फोनवर बोलले तेव्हा तुम्ही म्हणालात, आईंची वऱ्हाडी त्याला कुठे कळणार, त्यांचा आवाज घेऊन उपयोग काय? हे साफ चूक आहे. बोललेलं समजणं वेगळं आणि बोलणाऱ्याला ओळखणं वेगळं. आईंच्या तोंडी डोळ्याचा डोया होतो, केळ्याचं केयं होतं. ते त्या स्पीकरला कळणार नाही, कबूल. पण ओळख भाषेची नसते, गळ्याची असते. हाक मारायचा शब्द किंवा दोन-चार वाक्यं म्हणवून घेतात, त्यावरून स्वराची उंची, पोत, बोलण्याची ढब यांचा आकड्यांतला साचा तयार होतो आणि पुढची हाक त्याच्याशी ताडली जाते. हाक मारणं आईंना जमतं. सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.

ही सोय नवीही नाही. गूगलनं एप्रिल २०१७ मध्ये आपल्या स्पीकरला सहा जणांपर्यंतचे आवाज वेगळे ओळखायला शिकवलं, ॲमेझॉननं त्याच वर्षी ऑक्टोबरात. आपलं घर सहाच्या आत बसतं.

गावामागच्या जंगलाकडे पाहा. बोर अभयारण्याला २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. गाभ्याचं क्षेत्र जेमतेम १३८ चौरस किलोमीटर. तिथे झाडांना कॅमेरे बांधतात आणि अंगावरच्या पट्ट्यांवरून एक वाघ दुसऱ्यापासून वेगळा ओळखतात, कारण दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. वाघासाठी एवढा खटाटोप होतो. तुम्ही आई, बाप, भाऊ, भावजय आणि पुतणी एका नावाखाली घातलीत.

आवाजाची ओळख म्हणजे कुलूप नव्हे, हेही मला ठाऊक आहे. २०१७ मध्येच बीबीसीच्या एका वार्ताहराच्या जुळ्या भावानं त्याचा आवाज काढून त्याच्या बँक खात्यात शिरून दाखवलं होतं. तुमचा आणि यांचा आवाज तर फोनवर मलाही कधी कधी सारखा वाटतो. म्हणून पैशाचा व्यवहार आवाजावर ठेवायचाच नाही. पण कुलूप पक्कं नाही म्हणून घराला दारच बसवायचं नाही, असं कोणी करत नाही.

कायदा तुम्हाला हात लावत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यात अठरा वर्षांखालच्यांची माहिती घ्यायला आईबापांची संमती लागते, पण माणसानं घरगुती कामासाठी वापरलेली माहिती त्या कायद्यातून वगळली आहे. घरातला माणूस घरातल्यांशी नीट वागेल, असं कायद्यानं धरलं आहे. तुम्ही तसे वागला नाहीत.

दिवाळीला याल तेव्हा फराळाआधी हे काम करायचं. तुमचं खातं त्या स्पीकरवरून काढा. माझं आणि यांचं खातं आमच्या फोनवरून आम्ही जोडू, तुम्ही फक्त शेजारी बसा. आईबाबांकडे साधे फोन आहेत; त्यांची खाती माझ्या फोनवर उघडू आणि दोघांचे आवाज, त्यांना विचारून, सावकाश घेऊ. पोरीचं खातं आमच्या देखरेखीखाली राहील. आवाज द्यायचा की नाही, ते ती ठरवेल. आणि पोळ्यापासूनची सगळी नोंद तुमच्या फोनवर उघडा, फोन तिच्या हातात द्या आणि खोलीबाहेर जा. ती स्वतः पुसेल.

तोवर स्पीकर वायर गुंडाळून कपाटात ठेवला आहे.

तुमची भावजय,
हिंगणी