प्रॉगोबा

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत वारीला जाणारे आहेत, दरवर्षी रजा टाकून सवाईला जाणारे आहेत आणि एक प्रॉगोबा आहे. हे नाव आम्हीच ठेवलेलं. प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे त्याच्या भाषेत 'प्रॉग', हे त्याचं दैवत. नुसतं 'रॉक' म्हणालात, तर उकडीचे मोदक वळणाऱ्या बाईने विकतच्या मोदकांच्या खोक्याकडे बघावं तसा तो तुमच्याकडे बघतो.

तीन मिनिटांच्या गाण्याला तो गाणं म्हणत नाही, जिंगल म्हणतो. 'येस'चं 'क्लोज टू द एज' अठरा मिनिटांच्या वर चालतं, रेकॉर्डची एक अख्खी बाजू खातं. 'जेथ्रो टल'चं 'थिक अ‍ॅज अ ब्रिक' तर दोन्ही बाजूंना मिळून एकच गाणं. मध्ये उठून रेकॉर्ड उलटायची. दोन्ही १९७२ची. १९७२ म्हटलं की आपल्याकडे लोकांना दुष्काळ आठवतो, सुकडी आठवते. प्रॉगोबाला सुगी आठवते, तीही त्याच्या जन्माच्या आधीची.

त्याच्या बाबांना या सगळ्याचं वावडं नाही, फक्त शंका असतात. "जेथ्रो टल म्हणजे गाणारा का रे?"

"नाही बाबा, तो जुना इंग्रज शेतकरी. त्याने पाभर काढली. बँडने नुसतं नाव घेतलंय."

"मग पेरणी कोण करतंय?"

बाबा तबल्याच्या कानाचे. गवई कोणीही असो, त्यांची बोटं मांडीवर मात्रा मोजत असतात. प्रॉगोबाचीही मोजतात, पण हे घराणं आपल्याला घरातूनच मिळालंय हे तो मरेपर्यंत कबूल करणार नाही. एकदा त्याने मोठ्या ऐटीत बाबांना पिंक फ्लॉइडचं 'मनी' ऐकवलं. "मोजून दाखवा." बाबांनी डोळे मिटले, दोन आवर्तनं जाऊ दिली आणि म्हणाले, "सात. रूपकासारखं चाललंय." प्रॉगोबाचा चेहरा पडला; हे कोडं कळायला त्याला कॉलेजची दोन वर्षं लागली होती. पुढे गिटारचा सोलो आला तसे बाबा डोळे उघडून म्हणाले, "हा दमला बघ. केरव्यावर आला." आणि खरंच, तिथे गाणं सातातून चारात जातं.

पण हे सगळे झाले पूर्वज. प्रॉगोबाचं खरं कुलदैवत स्टीव्हन विल्सन, 'पॉर्क्युपाइन ट्री'चा गायक. (बाबांची शंका: "साळिंदर झाडावर कशाला चढेल?") या बँडची जन्मकथा तो पोथी सांगावी तशी सांगतो. १९८७ साली विल्सनने हा बँड गंमत म्हणून सुरू केला. बँड नव्हताच, नुसता खोटा इतिहास, खोटे वादक, खोट्या रेकॉर्डी. मग लोकांना ते खरं वाटू लागलं आणि खरा बँड उभा करावा लागला. ही कथा ऐकून समोरच्याने "कोण विल्सन?" असं विचारलं की प्रॉगोबाच्या चेहऱ्यावर जी तृप्ती पसरते ती बघण्यासारखी असते. आपल्या देवाला गावात कोणी ओळखत नाही, हे त्याचं सगळ्यात मोठं सुख. अमेरिकेतल्या आतेभावाकडून सीड्या मागवायच्या आणि त्या कोणाला ऐकायला द्यायच्या नाहीत, अशी त्याची भक्ती.

डिसेंबर २००९मध्ये पॉर्क्युपाइन ट्री मुंबईत आली. पवईला, आयआयटीच्या मूड इंडिगोमध्ये. प्रॉगोबा आधी हर्षाने वेडा झाला आणि मग चिंतेने काळवंडला. "अरे, इथे कोण येणार ऐकायला? आपण सहा-सात टाळकी. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला काय वाटेल?" गर्दी दिसावी म्हणून त्याने मला धरलं, माझ्या मेव्हण्याला धरलं, बाबांनाही विचारलं. बाबांनी फोटो बघितला. केस त्यांना पटले नाहीत. "पण स्टेजवर अनवाणी गातो," प्रॉगोबाने हुकमी पान टाकलं. बाबा गंभीर झाले. "मग माणूस सोवळ्यातला आहे," म्हणाले. आले मात्र नाहीत.

कांजुरमार्गला उतरून रिक्षाने गेटवर पोचलो तर ही भली मोठी रांग. "दुसरं काहीतरी असेल," प्रॉगोबा म्हणाला. रांगेतल्या दर चौथ्या पोराच्या अंगात काळा टी-शर्ट आणि त्यावर तेच नाव. प्रॉगोबा एकेक टी-शर्ट वाचत होता आणि वाचता वाचता बारीक होत होता. बारा वर्षं घरात जपून ठेवलेलं पितळी डबोलं उघडावं आणि तसलंच प्रत्येकाच्या फळीवर दिसावं, तसं काहीसं.

आत आमच्या शेजारी एक एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा होता, अंगाने काडी. प्रॉगोबाने त्याची परीक्षा घ्यायला सुरुवात केली.

"नवीन अल्बम ऐकलायस? 'द इन्सिडंट'? पन्नास मिनिटांचा सलग तुकडा आहे."

"पंचावन्न, काका. चौदा भाग आहेत."

'पंचावन्न' त्याने पचवलं असतं. 'काका' नाही पचलं. तेव्हा तो पस्तिशीही ओलांडलेला नव्हता. लगेच त्याने ड्रमरचा विषय काढला, तर पोरगं गॅव्हिन हॅरिसनवर सुरू झालं ते थांबेचना. दोन्ही हातांनी हवेत वाजवूनही दाखवलं. मला त्यातलं काही कळत नाही. पण प्रॉगोबाची मान त्याच्या नकळत हलली, तेव्हा बरोबरच वाजवलं असावं.

मग दिवे गेले आणि विल्सन आला. अनवाणी. एवढे दिवे, एवढी यंत्रं, वायरींची जाळी, आणि त्यात माणसाचे दोन गोरे उघडे पाय, आंघोळ करून नुकतंच बाहेर आल्यासारखे. एका पायाचा अंगठा पेडलजवळ घुटमळत होता. एरवी मी अशा ठिकाणी जांभया देतो. पण त्या अंगठ्यावरून माझी नजर हटेना.

पोरं गायला लागली. एकूण एक शब्द. प्रॉगोबा माझ्या कानात ओरडला, "हे सगळे गातायत!" चोर शिरल्यासारखा आवाज होता. अल्बममध्ये इथे एक आवर्तन जास्त आहे, तिथे कीबोर्ड मागे आहे, ही टिपणं देणं त्याने काही वेळ चालू ठेवलं. त्याचा डावा हात माझ्या खांद्यावर होता आणि बोटं मोजत होती: पाच, पाच, मग सात, मग पुन्हा पाच. माझा खांदा बधिर झाला. केव्हातरी लक्षात आलं की बोटं थांबलीत. हात तसाच पडलेला, गरम, जड. मी वळून बघितलं नाही.

गाणं संपलं तसं काडीपैलवान पोरगं म्हणालं, "काका, तुमची सम चुकली."

"माहितीये," प्रॉगोबा म्हणाला, आणि त्याला घोटभर पाणी दिलं.

परतीच्या लोकलमध्ये तेच काळे टी-शर्ट. दाराशी टोळकं डब्याच्या पत्र्यावर ताल धरून बसलेलं, एक मात्रा खाऊन. प्रॉगोबाने मुंब्र्यापर्यंत कळ काढली. मग उठला, त्यांच्यात जाऊन पत्र्यावर बरोबर वाजवून दाखवलं आणि पुन्हा माझ्याजवळ येऊन बसला. तोंडातून चकार शब्द नाही.

घरी पोचलो तर बाबा जागेच होते. "कसं झालं?"

"गर्दी फार होती."

"आणि पायात?"

"काही नव्हतं."

बाबांनी समाधानाने मान हलवली आणि दिवा मालवला.