जुनं व्हर्जन म्हणजे देवमाणूस!

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, हा नियम आपल्याकडे डेटाबेसच्या व्हर्जनलाही लागू आहे. पोस्टग्रेस 11 हयात होतं तेव्हा त्याला कुणी बरं म्हटल्याचं मला आठवत नाही. रिपोर्टचं चक्र जरा जास्त फिरलं की त्याच्या नावानं बोटं मोडली जायची. शनिवारी रात्री ते गेलं, त्याच्या जागी 15 आलं, आणि सोमवारी सकाळी सगळ्यांना एकदम उमाळा आला. ‘जुन्यावर कसं, क्लिक केलं की समोर!’

अपग्रेड काही हौसेनं केलं नव्हतं. या डेटाबेसचं प्रत्येक मोठं व्हर्जन साधारण पाच वर्षं सांभाळलं जातं. 11 ची मुदत नोव्हेंबर 2023 मध्ये संपली. त्यानंतर सुरक्षेत भगदाड सापडलं तरी ते बुजवायला कुणी येत नाही. हे मीटिंगमध्ये सांगितलं तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. सोमवारी त्यातली एकही मान सापडेना.

मग तो सुप्रसिद्ध कॉल सुरू झाला. नेटवर्कवाल्यांनी ‘आमच्याकडून सगळं ओके’ म्हणून जे म्यूट केलं ते शेवटपर्यंत. ‘आम्ही कोडमध्ये काही बदललेलंच नाही,’ असं ॲप्लिकेशनवाले ज्या सुरात सांगत होते, तो सहसा कोर्टात ऐकू येतो. मॅनेजरसाहेब म्हणाले, ‘रॅम वाढवू या का?’ रॅम वाढवणं हा आमच्या धंद्यातला अंगारा आहे. लावला तर नुकसान नाही आणि काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. एक आवाज अधूनमधून नुसताच ‘एनी अपडेट?’ विचारायचा. तो कुणाचा, हे आजवर कळलेलं नाही.

खरं दुखणं साधं होतं. क्वेरी आली की ती कशी सोडवायची, इंडेक्सवरून जायचं की अख्खं टेबल वाचत सुटायचं, हे डेटाबेसमधला प्लॅनर ठरवतो. त्यासाठी कुठल्या रकान्यात काय प्रकारचा माल आहे, याची आकडेवारी त्याच्याजवळ लागते. अपग्रेडचं हत्यार डेटा, इंडेक्स, सगळं जसंच्या तसं पलीकडे नेतं. ही आकडेवारी तेवढी मागे ठेवतं. (2025 मध्ये आलेल्या 18 पासून तीही बरोबर येते. आम्हांला त्याचा उपयोग काय?) आकडेवारी नसली तरी प्लॅनर ‘मला माहीत नाही’ म्हणत नाही. रकान्यात वेगवेगळ्या किमती किती, हे ठाऊक नसेल तर सरसकट 200 धरतो आणि बिनधास्त कामाला लागतो. आमच्या टेबलात लाखो ग्राहक. एका ग्राहकाची डझनभर बिलं काढायची असताना हे महाशय हजारो बिलं निघणार म्हणून तयारी करत होते. ‘एक्स्प्लेन ॲनालाइझ’ लावून पाहिलं, तर अंदाजाच्या ओळी आणि प्रत्यक्षातल्या ओळी यांची एकमेकांशी ओळखदेखील नव्हती. हे दोन आकडे आधी पाहावेत, रॅमचं मग बघता येतं.

उपाय एका ओळीचा: ‘ॲनालाइझ’. एरवी टेबलात पुरेसे बदल झाले की तो आपोआप चालतो. पण ज्या जुन्या टेबलाला कुणी हातच लावत नाही, ते वाट बघत बसतं. अपग्रेड संपताना ते हत्यार स्वतःच सांगतं, आता हे चालवा. आमच्या यादीतही ही पायरी होती. पण रविवारी वेळ कमी पडला तेव्हा ‘हे मागाहून करता येईल’ म्हणून वरून तिच्यावर काट मारली गेली. ज्यांनी मारली, ते कॉलवर होते. म्यूटवर.

दुपारपर्यंत बहुतेक गाडी रुळावर आली. दोन रिपोर्ट तेवढे हटून बसले. एकात जेआयटी आडवं आलं: क्वेरीचा अंदाजे खर्च एक लाखाच्या वर गेला की पोस्टग्रेस तिच्यासाठी खास मशीन-कोड तयार करतं. 12 पासून ही सोय आपोआप चालू असते. आमच्या रिपोर्टचा निम्म्याहून जास्त वेळ या तयारीतच जायचा. त्याच्यापुरती ती बंद केली. दुसऱ्यात ‘विथ’चं कलम होतं. पूर्वी ते आधी वेगळं सोडवलं जायचं. 12 पासून, एकदाच वापरलेलं असेल तर, ते मुख्य क्वेरीत विरघळतं. लिहिणाऱ्यानं ते मुद्दाम वेगळं ठेवलं होतं, वर ‘हात लावू नये’ अशी सूचनाही होती. माणसानं हात लावला नाही, व्हर्जननं लावला. ‘मटेरियलाइज्ड’ एवढा एक शब्द घातल्यावर तोही मुकाट्यानं चालू लागला.

उरल्या हिशेबखात्यातल्या मॅडम. त्यांचा थकबाकीचा रिपोर्ट ‘पूर्वी झटकन यायचा’. अपग्रेडच्या आधी प्रत्येक क्वेरीला किती वेळ लागतो, याची नोंद मी काढून ठेवली होती. ती सांगत होती की रिपोर्ट आता जवळपास निम्म्या वेळात येतो. शिवाय जुन्या तक्रारी चाळताना 11 च्या काळातली त्यांचीच एक सापडली: ‘रिपोर्ट लावून जेवायला गेले, परत आले तरी फिरतोच आहे.’ मी दोन्ही कागद त्यांच्यासमोर ठेवले.

मॅडमनी चष्मा लावून शांतपणे वाचलं आणि म्हणाल्या, ‘तेच तर सांगतेय. तेव्हा निदान जेवायला तरी मिळायचं.’